चिलीची विझलेली भट्टी, पिंपरीचं पेनिसिलीन: चीनच्या व्यापाराने विकसनशील देशांच्या उद्योगांचं काय होतं?

सप्टेंबर २०२४ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात, ताल्कावानो या बंदरगावी, वाचिपातो पोलाद कारखान्याची झोतभट्टी विझवण्यात आली. हा कारखाना १९५० साली सुरू झाला होता. लोहखनिजापासून थेट पोलाद बनवणारा चिलीतला तो एकमेव कारखाना. तिथल्या कामगारांनी काढलेला फुटबॉल क्लब आदल्याच वर्षी देशाचा विजेता ठरला होता. कंपनीने कारण सरळ सांगितलं: चीनहून येणाऱ्या पोलादाच्या भावाशी टक्कर देणं आता शक्य नाही.

आणि याच चिलीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण, तर चीन. चिलीच्या निर्यातीतला जवळजवळ चाळीस टक्के माल, मुख्यतः तांबं, चीनला जातो. तांब्याच्या खाणींना ज्या देशाने बरकत आणली, त्याच देशाच्या मालाने पोलादाचा कारखाना बंद पाडला.

चीनचा व्यापार आपल्याकडे बातम्यांत येतो तो बहुतेक वेळा अमेरिकेशी चाललेल्या भांडणाच्या निमित्ताने. २०२४ मध्ये चीनने जगाकडून जेवढं घेतलं त्यापेक्षा सुमारे ९९,२०० कोटी डॉलरचा माल जास्त विकला. २०२५ मध्ये हा आकडा एक लाख कोटी डॉलरच्या पुढे गेला. अमेरिकेने जकातीची भिंत उंच केली की तिकडे न गेलेला माल दुसरं बंदर शोधतो, आणि ते बंदर बऱ्याचदा इंडोनेशिया, ब्राझील, नायजेरिया किंवा भारताचं असतं. या देशांत कारखाना बंद पडला तर कामगाराला बेकारभत्ता तुटपुंजा असतो, कुठेकुठे तोही नसतो, आणि दुसरं काम सहज मिळत नाही. म्हणून हा विषय नीट समजून घ्यायला हवा.

आधी एका आठवडे बाजाराची गोष्ट

एका गावच्या बाजारात बाहेरचा एक मोठा व्यापारी येऊ लागला, असं समजा. तो शेतकऱ्यांचं सोयाबीन इतरांपेक्षा चढ्या भावाने घेतो. शेतकरी खूश. जाताना तो तयार शर्ट विकतो, तेही गावच्या शिंप्याच्या नुसत्या शिलाईच्या दरात. शिंप्याचं दुकान ओस पडतं. पण त्याच शिंप्याचा पुतण्या व्यापाऱ्याकडून स्वस्तात शिलाई मशीन, दोरा, बटणं घेतो आणि तालुक्याच्या शाळेचे गणवेश शिवायचं काम मिळवतो. त्याचं बरं चाललंय. तिकडे पलीकडच्या गावचा शिंपी वेगळ्याच कारणाने हैराण आहे. तालुक्याला त्याचा जो माल जायचा, तिथेही आता हाच व्यापारी पोचला आहे.

गावाचं भलं झालं की वाटोळं? उत्तर तुम्ही कोणाला विचारता त्यावर आहे.

मोठ्या देशाचा व्यापार लहान देशाच्या उद्योगावर याच चार वाटांनी येतो. तो तुमचा कच्चा माल घेतो. तुमच्याच बाजारात तुमच्या कारखान्याशी स्पर्धा करतो. तुम्ही ज्या तिसऱ्या देशाला माल विकता तिथे तुमची जागा घेतो. आणि तुमच्या कारखान्याला लागणारी यंत्रं, सुटे भाग, रसायनं स्वस्तात पुरवतो. एकाच देशात चारही गोष्टी एकाच वेळी घडत असतात. त्यामुळे एका सरासरी आकड्यावरून काही कळत नाही. कुठला उद्योग, कुठलं गाव, हे पाहावं लागतं.

तिसऱ्या वाटेचं उदाहरण मेक्सिकोचं. अमेरिकेच्या सीमेवर तिथे निर्यातीसाठी जोडणी करणारे हजारो कारखाने होते. ११ डिसेंबर २००१ रोजी चीन जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला. त्या सुमाराच्या दोन-तीन वर्षांत या कारखान्यांतल्या दोन लाखांहून जास्त नोकऱ्या गेल्या. अमेरिकेतली मंदीही त्याला कारण होती, पण मंदी संपल्यावरही कपडे आणि साध्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंची बरीच कामं परत आली नाहीत. मेक्सिकोच्या बाजारात न शिरताही चीनने मेक्सिकोच्या कामगाराचं काम नेलं होतं.

चीनमध्ये इतका माल तयार होतोच का?

'मजुरी स्वस्त म्हणून' हे उत्तर वीस वर्षांपूर्वी बरोबर होतं. आज चिनी कारखान्यातला पगार भारत, बांगलादेश आणि व्हिएतनामपेक्षा जास्त आहे.

आजची कारणं वेगळी आहेत. एक म्हणजे जवळीक: स्क्रू, मोटर, सर्किट, साचे, पॅकिंग हे सगळं एकाच शहराच्या परिसरात मिळतं. दुसरं म्हणजे आकार. जगातलं निम्म्याहून जास्त पोलाद चीन बनवतो, २०२४ मध्ये सुमारे १०० कोटी टन. जगाच्या कारखानदारी उत्पादनात चीनचा वाटा २००० साली सहा टक्क्यांच्या आसपास होता, आता तो तीस टक्क्यांच्या घरात आहे.

तिसरं कारण चीनच्या घरातलं आहे, आणि माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं. चीनमधली कुटुंबं खर्च कमी करतात, बचत जास्त. देशाच्या एकूण उत्पन्नातला जेमतेम चाळीस टक्के भाग कुटुंबांच्या खर्चातून येतो. जगाची सरासरी याहून बरीच वर आहे. आजारपण, म्हातारपण आणि मुलांचं शिक्षण यांची तरतूद स्वतःच करायची असल्याने लोक पैसा सोडत नाहीत. बँकांत साठलेला हा पैसा आधी इमारती बांधायला जात होता. २०२१ मध्ये एव्हरग्रांड ही अवाढव्य बांधकाम कंपनी कर्ज फेडू शकली नाही, घरांचा बाजार घसरला, आणि कर्जाचा ओघ कारखान्यांकडे वळला. प्रत्येक प्रांताला आपला मोटारींचा, बॅटरीचा, सौरपॅनलचा कारखाना हवा होता. परिणामी देशाला लागतं त्यापेक्षा खूप जास्त बनवण्याची ताकद उभी राहिली. अर्थशास्त्रात याला अतिरिक्त क्षमता म्हणतात.

घरं बांधणं थांबलं तरी भट्ट्या थांबत नाहीत. भट्टी बंद करणं महाग, कामगार कमी करणं स्थानिक सरकारला नको. मग पोलाद जहाजावर चढतं. २०२४ मध्ये चीनने सुमारे ११ कोटी टन पोलाद निर्यात केलं. भारताचं वर्षाचं सगळं उत्पादन १५ कोटी टनांच्या आसपास आहे, म्हणजे चीनने नुसतं बाहेर पाठवलेलं पोलाद आपल्या सगळ्या उत्पादनाच्या जवळजवळ पाऊणपट झालं. हे करताना अनेक चिनी कारखाने स्वतःही तोट्यात होते.

चिलीने जकात लावली होती, तरी कारखाना का वाचला नाही?

तांब्याचा दगड खाणीतून काढल्यावर तो दळावा लागतो. त्यासाठी मोठ्या फिरत्या पिंपांत पोलादाचे गोळे टाकतात. गोळे दगड फोडतात आणि स्वतः झिजतात, त्यामुळे ते सतत नवे लागतात. चिली जगातलं सुमारे पाव तांबं काढतो, म्हणजे गोळ्यांना घरचंच हक्काचं गिऱ्हाईक. वाचिपातोचा मोठा धंदा या गोळ्यांसाठी लागणाऱ्या सळ्यांचा होता.

चिलीने २००५ मध्येच चीनशी मुक्त व्यापाराचा करार केला होता, लॅटिन अमेरिकेत सगळ्यांच्या आधी. चिनी गोळे आणि सळ्या येऊ लागल्या. कारखान्याने डंपिंगची तक्रार केली. डंपिंग म्हणजे आपल्या देशातल्या भावापेक्षा किंवा उत्पादनखर्चापेक्षा कमी दराने परदेशात माल विकणं. जागतिक व्यापाराच्या नियमांत त्यावर जादा जकात लावता येते, पण त्यासाठी पुरावा गोळा करायचा, चौकशी करायची, समोरच्याचं म्हणणं ऐकायचं. यात महिने जातात, आणि चौकशी चालू असताना कामगारांचे पगार मात्र दर महिन्याला द्यावे लागतात.

मार्च २०२४ मध्ये कंपनीने काम थांबवण्याची घोषणा केली. एप्रिलमध्ये चिली सरकारने ३३.५ टक्क्यांपर्यंत तात्पुरती जकात लावली आणि कंपनीने निर्णय मागे घेतला. ऑगस्टमध्ये तिने पुन्हा जाहीर केलं की बंद करतोय. मधल्या काळात चिनी भाव आणखी खाली आला होता. जकातीने जी जागा मिळाली होती ती त्या घसरणीने खाऊन टाकली.

जकातीचा दर सरकार एकदा ठरवतं. पलीकडचा भाव रोज बदलतो. भिंत बांधली म्हणजे काम झालं, असं मानणाऱ्यांनी वाचिपातोचे हे पाच महिने नीट पाहावेत.

कच्चा माल विकूनच श्रीमंत व्हावं की, कारखाने कशाला हवेत?

हा आक्षेप हलका नाही. चिली लॅटिन अमेरिकेतल्या सधन देशांपैकी आहे आणि त्यात तांब्याचा वाटा मोठा आहे. ब्राझीलचंही तसंच. २००९ पासून चीन त्याचा सर्वांत मोठा व्यापारी भागीदार आहे, आणि सोयाबीन, लोहखनिज व कच्चं तेल हे तीन पदार्थच चीनला होणाऱ्या निर्यातीचा बहुतांश भाग व्यापतात. सरकारी तिजोरीत पैसा आला, गरिबांसाठीच्या योजना चालल्या.

अडचण दोन ठिकाणी येते. खाण आणि यांत्रिक शेती पैसा भरपूर आणतात, पण माणसं फार थोडी सामावून घेतात. आणि कच्च्या मालाचे डॉलर देशात ओतले की तिथलं चलन वधारतं. चलन महागलं की त्या देशात बनलेली चप्पल किंवा पंप परदेशात महाग पडतो, आणि परदेशी चप्पल घरात स्वस्त. १९५९ मध्ये नेदरलँड्सला नैसर्गिक वायू सापडल्यावर तिथल्या इतर उद्योगांचं असंच झालं, म्हणून याला 'डच आजार' असं नाव पडलं.

ब्राझीलची कारखानदारी ऐंशीच्या दशकापासूनच उतरणीला लागली होती, चीन त्या चित्रात येण्याच्या खूप आधी. तेव्हा सगळं खापर चीनवर फोडता येणार नाही. पण उतरण थांबवणं चीनमुळे अवघड झालं हे खरं. इंग्लंड, जर्मनी, जपान यांच्याकडे कारखान्यांतल्या नोकऱ्या कमी व्हायला लागल्या त्या देश श्रीमंत झाल्यावर. आता अनेक गरीब देशांत त्या श्रीमंत होण्याआधीच कमी होऊ लागल्या आहेत. अर्थतज्ज्ञ डॅनी रॉड्रिक यांनी याकडे जगाचं लक्ष वेधलं. कमी शिकलेल्या लाखो माणसांना शेतातून उचलून नियमित पगारावर नेणारं दुसरं साधन अजून तरी कोणाला सापडलेलं नाही.

मराठी वाचकाला हे सगळं ओळखीचं वाटेल. भारत हा ब्रिटिश कारखान्यांसाठी कच्चा माल पिकवणारा मळा झाला आहे, असं न्यायमूर्ती रानडे यांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी बजावलं होतं. मोठा फरक इतकाच की चिली आणि ब्राझील स्वतःची जकात स्वतः ठरवतात. १८९६ मध्ये भारतातल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला तेव्हा आपल्याला कोणी विचारलं नव्हतं. या इतिहासाची एक बाजू आपण मात्र फारशी सांगत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या गिरण्यांचं सूत मोठ्या प्रमाणावर चीनला जात होतं, आणि त्या सुताने चीनमधल्या हाताने सूत कातणाऱ्या बायकांचं काम गेलं. व्यापाऱ्याच्या जागी तेव्हा मुंबई होती.

मग बांगलादेश कसा वाचला?

१ जानेवारी २००५ रोजी कापड आणि कपड्यांवरचे आंतरराष्ट्रीय कोटे संपले. तोवर श्रीमंत देश प्रत्येक देशाकडून किती कपडे घ्यायचे याचा वाटा ठरवून देत. कोटे गेले की चीन सगळा बाजार खाणार आणि बांगलादेश बुडणार, असं बरेच जण सांगत होते. २००४-०५ मध्ये बांगलादेशची तयार कपड्यांची निर्यात सुमारे ६४० कोटी डॉलर होती. २०२४-२५ मध्ये ती ३,९०० कोटी डॉलरच्या पुढे होती.

युरोपने अतिगरीब देशांच्या मालावरची जकात काढून टाकली होती, याचा बांगलादेशला फायदा झाला. चीनमधली मजुरी वाढली, हेही खरं. आणि जे कमी बोललं जातं ते असं: बांगलादेशच्या शिलाई कारखान्यांत जाणारं बरंचसं कापड आणि यंत्रं चीनची आहेत. शिंप्याचा पुतण्या तो हाच.

यात एक उणीव राहते. शर्ट ढाक्यात शिवला जातो, पण सूत, कापड, रंग, चेन यांतली कमाई आणि त्यामागचं कसब बऱ्याच अंशी बाहेर राहतं. एखाद्या वस्तूत आपल्या देशातल्या कष्टाने आणि कौशल्याने जेवढी किंमत भरली गेली तेवढं आपलं मूल्यवर्धन. निर्यातीचा आकडा मोठा असूनही मूल्यवर्धन कमी असू शकतं. व्हिएतनाम अमेरिकेला फोन, संगणक, फर्निचर धडाक्याने विकतो, आणि त्याच वेळी चीनकडून २०२४ मध्ये त्याने सुमारे १४,४०० कोटी डॉलरचा माल घेतला, त्यात सुट्या भागांचा वाटा फार मोठा. २०२५ मध्ये अमेरिकेने व्हिएतनामच्या मालावर वीस टक्के आणि नुसता तिथून वळवलेल्या मालावर चाळीस टक्के जकात जाहीर केली, ती याच संशयातून.

बांगलादेशच्या यशावरून सगळ्यांना धीर द्यावा असं मला वाटत नाही. पूर्वी एखादा देश वर चढला की खालचं काम सोडायचा. जपानने साधं कापड सोडलं, ते कोरिया आणि तैवानने घेतलं. त्यांनी सोडलेलं चीनने घेतलं. चीन विजेच्या मोटारी बनवू लागला तरी जगातल्या कपड्यांच्या निर्यातीचा जवळजवळ तीस टक्के भाग अजून त्याच्याकडेच आहे. खालची जागा रिकामी होते आहे, पण फार सावकाश, आणि वाट पाहणारे देश पुष्कळ आहेत.

स्वस्त मिळतंय, तर बिघडलं कुठे?

काही ठिकाणी खरोखरच काही बिघडलं नाही. पाकिस्तानने २०२४ या एका वर्षात चीनहून सुमारे १७ हजार मेगावॉट क्षमतेचे सौरपॅनल आणले. महागड्या आणि बेभरवशाच्या विजेला कंटाळलेल्या शेतकऱ्यांनी, कारखानदारांनी, घरमालकांनी ते छतांवर आणि विहिरींवर बसवले. पाकिस्तानात पॅनल बनवणारा मोठा उद्योग नव्हताच, तेव्हा बुडायला काही नव्हतं. लाभ सगळा वापरणाऱ्यांचा. आफ्रिकेतल्या खेड्यात स्वस्त चिनी मोबाइल पोचला तेव्हाही हेच घडलं. याला नुकसान म्हणणं अन्याय होईल.

आता पिंपरीला या. १९५४ साली तिथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. पुणेकर त्याला नुसतं 'एच.ए.' म्हणतात. पेनिसिलीन बनवणं म्हणजे बुरशी मोठ्या टाक्यांत वाढवणं: तापमान, हवा, साखर, स्वच्छता यांचा मेळ दिवसचे दिवस अचूक ठेवावा लागतो. हे कसब पुस्तकातून येत नाही, टाकीजवळ उभं राहून येतं. एच.ए.च्या आणि नंतरच्या खाजगी कंपन्यांच्या माणसांकडे ते होतं.

नव्वदच्या दशकानंतर चीनचं पेनिसिलीन-जी इतक्या कमी भावाने येऊ लागलं की भारतीय उत्पादक एकेक करून बाहेर पडले. अमॉक्सिसिलिनसारखी रोजची औषधं ज्यापासून होतात तो मूळ पदार्थ आपण आयात करू लागलो. गोळ्या स्वस्त झाल्या आणि आपण जगाला स्वस्त औषधं विकू लागलो, हा फायदा मोठा होता. पण टाकीजवळची माणसं निवृत्त झाली आणि त्यांच्या हाताखाली कोणी तयार झालं नाही. २०२० मध्ये कोरोनाने पुरवठ्याची भीती घातली तेव्हा सरकारला अनुदानाची योजना आणावी लागली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आंध्रातल्या काकीनाडा इथल्या नव्या पेनिसिलीन-जी कारखान्याचं उद्घाटन झालं, आणि चिनी भाव उतरल्यावर आयातीला किमान किंमत ठरवून द्या अशी मागणी आली. छोट्या औषध कंपन्यांचा तिला विरोध आहे, कारण त्यांचा कच्चा माल महागेल.

स्वस्ताईच्या हिशेबात सुटते ती ही गोष्ट. ग्राहकाची बचत दर महिन्याच्या बिलावर दिसते. हरवलेल्या कसबाची किंमत वीस वर्षांनी कळते, तीही टंचाई पडली तरच.

चूक त्या देशांचीच नाही का?

बरीच त्यांची आहे, आणि हे न सांगणं अप्रामाणिकपणाचं ठरेल.

इंडोनेशियातली श्रीटेक्स ही १९६६ पासूनची कापड कंपनी. अनेक देशांच्या लष्करांचे गणवेश ती शिवत असे. १ मार्च २०२५ रोजी ती बंद झाली आणि दहा हजारांहून अधिक कामगार बेकार झाले. चिनी कापडाचा लोंढा हे एक कारण होतं, पण कंपनीच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर होता आणि कोरोनाने मागणी आटली होती. त्यातच मे २०२४ मध्ये सरकारने आयातीचे नियम सैल केले. नायजेरियातल्या कडुना आणि कानो या शहरांतल्या गिरण्यांचंही तेच. तिथल्या नक्षीची नक्कल करून चीनमध्ये छापलेलं कापड चोरट्या मार्गाने आलं हे खरं. पण त्या गिरण्या वीज नसल्याने डिझेलवर चालत होत्या, यंत्रं जुनी होती, आणि तेलाच्या पैशावर चालणाऱ्या सरकारला कापडाची पर्वा नव्हती.

अशक्त उद्योग कशानेही पडेल, असं यावर म्हटलं जातं. मला ते पटत नाही. अशक्त उद्योगाला सुधारायला वेळ मिळाला तर तो उभा राहू शकतो. कोरियाचे आणि खुद्द चीनचे कारखानेही सुरुवातीला अशक्तच होते. त्यांना काही वर्षं आडोसा मिळाला, आणि त्या बदल्यात निर्यात करून दाखवण्याची अट होती. आजच्या इंडोनेशियाला किंवा नायजेरियाला तितका वेळ मिळत नाही.

मग आयातच बंद का करत नाहीत?

कारण आयात होणाऱ्या मालावर घरातलेच इतर उद्योग चालतात. भारताने एप्रिल २०२५ मध्ये काही प्रकारच्या पोलादी पत्र्यांवर बारा टक्के तात्पुरती संरक्षक जकात लावली. मोठ्या पोलाद कंपन्यांना दिलासा मिळाला. पण पिंपरी-चिंचवड, राजकोट, लुधियाना इथल्या छोट्या शेडमध्ये पत्रा कापून सुटे भाग करणाऱ्यांचा मुख्य खर्च पत्र्याचाच असतो. एकाचा आडोसा दुसऱ्याचा बोजा होतो.

नोव्हेंबर २०१९ मध्ये भारत आशियातल्या मोठ्या व्यापार करारातून बाहेर राहिला, त्यामागे चिनी मालाची भीती होती. तरीही २०२४-२५ मध्ये चीनशी आपली व्यापारतूट, म्हणजे त्यांच्याकडून घेतलेला माल वजा त्यांना विकलेला माल, सुमारे ९,९२० कोटी डॉलरवर गेली. आपण तिथून मुख्यतः यंत्रं, इलेक्ट्रॉनिक भाग, बॅटऱ्या, रसायनं, औषधांचा कच्चा माल आणतो. दिवाळीच्या माळा न घेण्याच्या आवाहनाने या आकड्याला ओरखडाही उमटत नाही.

काही देशांनी मालाऐवजी व्यवहाराच्या अटींवर जोर दिला. इंडोनेशियाने जानेवारी २०२० पासून कच्च्या निकेल खनिजाची निर्यात बंद केली: हवं असेल तर इथे येऊन शुद्ध करा. आणखी चिनी कंपन्या आल्या. सुलावेसी बेटावर मोरोवाली इथली आधीपासूनची औद्योगिक वसाहत प्रचंड वाढली, आणि आता जगातलं निम्म्याहून जास्त निकेल इंडोनेशिया काढतो. ब्राझीलने २०२४ पासून विजेच्या मोटारींवरची जकात टप्प्याटप्प्याने ३५ टक्क्यांपर्यंत न्यायचं ठरवलं. फोर्डने सोडलेल्या बाईया राज्यातल्या जागेवर बीवायडी या चिनी कंपनीने कारखाना काढला.

दोन्हीकडे पुढचे प्रश्न आहेत. मोरोवालीत जंगल गेलं, कोळशावरची वीजकेंद्रं आली, आणि डिसेंबर २०२३ मधल्या एका स्फोटात एकवीस कामगार मेले. ब्राझीलच्या कारखान्यात आधी चीनहून आलेले भाग जोडायचं काम सुरू झालं. ते भाग तिथे कधी बनणार यावर वाद आहे. शिवाय अट घालायला हातात काहीतरी लागतं: निकेल, किंवा ब्राझीलएवढा बाजार. चिलीने लिथियमच्या जोरावर बॅटरीचा कच्चा माल घरीच बनवून घेण्याचा प्रयत्न केला. लिथियमचा भाव पडल्यावर २०२५ मध्ये दोन चिनी कंपन्यांनी त्या कारखान्यांचे बेत सोडले. ज्या देशाकडे खनिजही नाही आणि बाजारही लहान, त्याने एकट्याने घासाघीस करून फार मिळत नाही. अशा देशांनी शेजाऱ्यांबरोबर एकत्र बसणं एवढीच वाट उरते.

आपल्याकडे याची झळ कुठे लागली?

एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मिळ मूलद्रव्यांवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवान्याची अट घातली. विजेच्या गाडीची मोटर या चुंबकांवर चालते. काही महिन्यांतच पुण्याच्या बजाज ऑटोला चेतक इलेक्ट्रिक स्कूटरचं उत्पादन कमी करावं लागलं. स्कूटरच्या किमतीत चुंबकाचा वाटा किरकोळ असतो, पण त्याच्यावाचून स्कूटर कारखान्याबाहेर पडत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने देशात वर्षाला ६,००० टन चुंबकं बनवण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. मुदत सात वर्षांची: दोन वर्षं उभारणीला, पाच वर्षं विक्रीवर प्रोत्साहन. पेनिसिलीनचा अनुभव पाहता मला काळजी आहे ती कारखाना सुरू झाल्यानंतरच्या दिवसांची, जेव्हा चिनी चुंबक पुन्हा मुबलक आणि स्वस्त मिळू लागेल आणि प्रत्येक कंपनीचा खरेदी विभाग तिकडे वळेल.

जपानने ही वेळ पाहिली आहे. २०१० मध्ये बेटांच्या वादावरून चीनने जपानला जाणारी दुर्मिळ मूलद्रव्यं अडवली. २०११ मध्ये जपानची सरकारी संस्था आणि सोजित्झ ही व्यापारी कंपनी यांनी दुर्मिळ मूलद्रव्यं काढणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या लायनस कंपनीला २५ कोटी डॉलर दिले आणि माल घेण्याचा दीर्घ करार केला. पुढे भाव कोसळले. हाच धंदा करणारी अमेरिकेतली मॉलीकॉर्प कंपनी २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेली. लायनस तरली, कारण जपानने कर्जफेडीची मुदत वाढवून दिली आणि चिनी माल स्वस्त असतानाही तिच्याकडून खरेदी थांबवली नाही.